मंत्र्यांचा भत्ता आणि कोणाचीच नसलेली कोंबडी

परवा पेपरात बातमी वाचली, की आता आपल्या राज्यात विरोधी पक्षनेत्यालाही कायद्याने पगार मिळणार. पगार, भत्ता, बंगला, मोटार, सगळं मंत्र्याच्या तोडीचं. मी मोठ्याने हसलो. बायको आतून म्हणाली, "एवढं काय छापलंय?" मी म्हटलं, "हा पगार आमच्या तालुक्यात एका कोतवालाने फार पूर्वीच देऊन टाकला होता." तिने विश्वास ठेवला नाही. तिचं चुकलं नाही. समोरच्याचं बोलणं दोनदा पारखून घ्यावं, हे मीच तिला आयुष्यभर शिकवत आलो.

मी नाझर होतो. हल्लीच्या मुलांना नाझर सांगावा लागतो. तहसील कचेरीतलं जे काम कोणाचंच नसतं ते नाझराचं. खुर्ची मोडली, नाझर. समन्स बजावायला माणूस हवा, नाझर. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे दौरा. कोणी साहेब जंगलभागात दौऱ्यावर निघाला, की त्याची राहुटी, बैलगाड्या, मडकी, सरपण, दूध, अंडी, कोंबडी यांची सोय लावायची. दौरा हे लग्न धरलं, तर नाझर हा मुलीचा बाप. जेवण चांगलं झालं तर कोणी नाव घेत नाही, आणि मीठ कमी पडलं तर सगळी वरात त्याच्याकडे वळून बघते.

दौऱ्यावरच्या साहेबाला गावाने जे पुरवायचं त्याला रसद म्हणत. इंग्रजाच्या वेळेपासून चालत आलेली रीत. प्रत्येक जिनसेचा दर ठरलेला असे, म्हणजे कागदावर रसद फुकट नव्हती. साहेब पैसे खानसाम्याकडे देई, खानसामा शिपायाकडे, शिपाई आणखी कोणाकडे, आणि कोंबडीवालीपर्यंत पोचता पोचता उन्हात धरलेल्या बर्फाच्या खड्याचं जे होतं ते त्या पैशांचं होई. एक साहेब मला आठवतात, ते मुद्दाम सगळ्या गावासमोर रोख पैसे मोजत. लोक हात जोडत. दिवस कलला की त्यांचा शिपाई घरोघर जाऊन तेच पैसे परत गोळा करी. अशा दोन-चार गोष्टी पाहिल्यावर माणूस साधूच्या झोळीतही डोकावून बघतो. मी बघायचो.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा आमचा जिल्हा चांदा, हिंदी-मराठी मुलूख मिळून राज्य एक आणि राजधानी नागपूर. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथले काही लोक अजून हयात आहेत आणि त्यांतल्या एका-दोघांचा राग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गावाला आपण पिपरटोला म्हणू. मूल गावाचा धानाचा पट्टा मागे टाकून, बस जिथे संपते तिथून बैलगाडीने पुढे जायचं. पंचवीस-तीस घरं, जवळ जंगलखात्याचा बंगला, आणि गावाचा कोतवाल दसरू.

कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे. गावातला सरकारचा हरकाम्या. दवंडी द्यायची, जन्ममृत्यूची वर्दी द्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबाचं ओझं उचलायचं. सरकारकडून नावाला पगार, आणि सुगीला प्रत्येक घराकडून थोडं धान. दसरू उंच, काटकुळा, आणि छातीवरच्या पितळी बिल्ल्याचा त्याला भारी अभिमान. रोज राखेने घासायचा. बायको वारलेली, दोन मुली लग्नाच्या, आणि शेत म्हणाल तर वीतभर. कोतवालकी गेली तर त्या घरात चूल पेटणं कठीण होतं.

त्या वर्षी एक मंत्री पिपरटोल्याला आले. नव्या राज्यातले नवे मंत्री. खादी अंगावर, पण जीभ फटकळ. आदल्या दिवशी मी दसरूला बोलावून रसदीचं सांगितलं. गावात कोंबडी द्यायची घराघराने पाळी असे. ती पाळी रैजीबाईची होती. रैजीबाई म्हातारी, गोंड, एकटी राहायची, आणि साऱ्या गावात तिच्यासारखी कोंबड्यांची पारख कोणाला नव्हती. तिने स्वतःच्या हाताने एक चांगली भरलेली कोंबडी काढून दसरूला दिली. जबरदस्ती नाही, रडारड नाही. रीतच तशी होती.

दुपारी मंत्रिमहोदय जेवले. तृप्त झाले. हात धुताना त्यांनी मला विचारलं, "कोंबडीवाली कोण? तिला इथे बोलवा. पैसे मी माझ्या हाताने देणार."

मी म्हटलं, "साहेब, आम्ही पोचवतो."

"तुम्ही पोचवता म्हणूनच मी देणार," ते म्हणाले. मग तिथे जमलेल्या सगळ्यांना त्यांनी समजावून सांगितलं. घटनेतच लिहिलंय, की राज्याच्या मंत्र्यांचे पगार-भत्ते विधिमंडळाने कायदा करून ठरवायचे. मंत्र्याने स्वतःच्या मनाने काही घ्यायचं नाही आणि कोणी मेहेरबानी म्हणून द्यायचं नाही. "दौऱ्यावर मी जेवतो त्याचा भत्ता मला मिळतो. तो खिशात घालून वर कोंबडी फुकट खाल्ली, तर मी एकदा भुकेचं जेवलो आणि एकदा चोरीचं."

बोलणं लाख मोलाचं होतं. मला मात्र लगेच त्या गोळा करणाऱ्या शिपायाची आठवण झाली आणि मी मंत्र्यांच्या माणसांकडे बारीक नजर ठेवली. चूक तिथेच झाली. बघायला हवं होतं रैजीबाईकडे.

ती आली. मंत्र्यांनी सव्वा रुपया पुढे केला, एक नोट आणि वर पावली. पीएने शाईचं पॅड आणि पावतीचा कागद पुढे सरकवला. रैजीबाईने पैशाकडे पाहिलं, शाईकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरली.

"कोंबडी माही नोहोय," ती म्हणाली.

"तुझी नाही?" मंत्री म्हणाले. "हा कोतवाल तर तुझी म्हणतो."

"थो का म्हणते मले मालूम नाई. मी कोंबड्या पाळतच नाई, बाप्पा."

दसरूचं तोंड उघडंच राहिलं. मंत्र्यांनी शेजारणीला विचारलं. तीही पाळत नव्हती. तिच्या शेजारचाही नाही. सगळ्या पिपरटोल्यात त्या दिवशी कोणाचीच कोंबडी निघाली नाही. बंगल्यातून गावाकडे पाहिलं, तर सकाळी ज्या अंगणांत कोंबड्या चरत होत्या तिथे एक पीस उडत नव्हतं. शाईची वार्ता लागताच पोरांनी सगळ्या रानात पिटाळल्या होत्या.

कारण मला नंतर कळलं, आणि कळल्यावर त्यांना मूर्ख म्हणायची हिंमत झाली नाही. काही वर्षांपूर्वी जंगलखात्याचा एक माणूस गुरं मोजायला आला होता. "कायचं नाई, नुसतं मोजून राह्यलो," म्हणाला होता. पुढच्या साली दर गुरामागे चराईची पट्टी बसली. पिपरटोल्याने त्यावरून धडा घेतला, की साहेब फुकट खातो तोवर धोका नाही. पैसे देऊन अंगठा घेतो, तेव्हा तो कोंबडी मोजतो. आज कोंबडी मोजली, की उद्या कोंबडीपट्टी. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकत होती. त्यात हसण्यासारखं काय होतं?

पण मंत्र्यांना हे कोण सांगणार? ते खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "मग मी खाल्ली ती कोंबडी कोणाची?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"चोरीची?"

सगळ्यांच्या नजरा दसरूकडे वळल्या. ज्याच्या छातीवर बिल्ला असतो त्याच्याकडे बोट दाखवायला सोपं जातं. मंत्र्यांनी तो सव्वा रुपया लिफाफ्यात घालून आमच्या तहसीलदारांच्या हवाली केला. मालक शोधा, त्याच्या हातात पैसे द्या, आणि मालक सापडला नाही तर या कोतवालाने मला चोरीची कोंबडी चारली असं समजून त्याला घरी पाठवा, असं सांगून ते मोटारीत बसले.

तहसीलदार हिंदी मुलखातल्या सागरचे. मराठी समजायचं, बोलायचे हिंदी. मोटारीची धूळ खाली बसल्यावर ते मला म्हणाले, "नाझिरजी, ये मुर्गी हमको ले डूबेगी." मग थोडा विचार करून म्हणाले, "हमको क्यों, उसको." आणि दसरूकडे बघून त्यांना जरा बरं वाटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी चौकशी ठरली.

त्या आठवडाभरात दसरू माझ्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा नुसता बसून राहिला. दुसऱ्यांदा उठताना म्हणाला, "नाझरबाबू, बिल्ला वापस द्या लागन का?" मी म्हटलं, "बघू." दुसरं काय म्हणणार होतो? मी रैजीबाईकडेही गेलो होतो. तिने मला पाणी दिलं, घोंगडी टाकली, आणि शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

चौकशीच्या दिवशी मी सकाळीच पिपरटोल्यात पोचलो, तर बंगल्याच्या पायरीवर एक गृहस्थ बसलेले. कोपरावर विरलेला काळा कोट, मांडीवर फडक्यात बांधलेली पोळी-चटणी. मी ओळखलं. विधानसभेत विरोधी बाकांवर जी मूठभर माणसं होती त्यांचे हे पुढारी. व्यवसायाने वकील, म्हणून त्यांना वकीलसाहेबच म्हणत. मूलच्या बाजारात त्यांच्या कानावर कोंबडी गेली आणि ते बस पकडून, पुढे गाडी करून, पदरच्या खर्चाने आले होते.

ते माझ्याआधी रैजीबाईच्या अंगणात जाऊन आले होते. तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी हात जोडून म्हटलं, "बाई, घाबरू नका. कोंबडी तुमचीच होती ना? जबरदस्तीने नेली ना?" ती म्हणाली, मी कोंबड्या पाळतच नाही. एवढ्यात तिच्या घरामागे बांबूच्या डालग्याखाली झाकलेला कोंबडा खच्चून आरवला. वकीलसाहेब बघत राहिले. रैजीबाई शांतपणे म्हणाली, "शेजारचा होय." शेजारी कुंपणावरून म्हणाला, "माहा नोहोय, रानातला होय." आमच्याकडे रानकोंबडे आहेत ही गोष्ट खरी, पण ते डालग्याखाली राहत नाहीत.

"माझ्यावरही विश्वास नाही त्यांचा," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना लागलं होतं.

दसरू तिथेच झाडलोट करत होता. तो म्हणाला, "साहेब, राग नोका मानू. लोकं पुसून राह्यले, की मंत्र्याले पगार हाय थे समजते. तुमाले कोण देते?"

वकीलसाहेबांनी सरळ उत्तर दिलं. मंत्र्याच्या पगाराला कायदा आहे. त्यांना स्वतःला मिळतं ते कोणत्याही साध्या आमदाराला मिळतं तेवढंच. विरोधी पक्षाचा पुढारी असं पद कायद्याच्या पुस्तकात कुठेच नाही. विलायतेत मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून आहे. तिथे सरकारच्या तिजोरीतून त्याला वेगळा पगार देतात.

"सरकारच देते?" दसरूचा झाडू थांबला. "सरकारले शिव्या द्याले?"

"तसंच म्हण."

हे ऐकून मीच संशयात पडलो. मी म्हटलं, "वकीलसाहेब, सरकारने पोसलेला विरोधक सरकारला कितीसा चावणार?"

"मलाही तेच वाटतं. म्हणून मी मागत नाही," ते म्हणाले. मग चटणीचं फडकं परत बांधता बांधता म्हणाले, "पण न पोसलेला तरी किती दिवस चावेल, नाझरसाहेब? वकिली अर्धी बसली माझी."

दसरूला अजून एक गोष्ट हवी होती. मंत्र्याचा पगार ठरवताना हे तिथे असतात का? असतात, ते म्हणाले. मग हे काय करतात? विरोध करतात. कधी कधी कपात सूचना आणतात, की या खात्याने खर्चाला मागितलेल्या रकमेतून एक रुपया कापा.

"एका रुपयानं थो का मरते?"

"मरत नाही. राग दिसतो."

दसरूला हे झटकन कळलं. "आमच्याइकडंही हाय. कोतवालाचा राग आला, का धान मोजताना शेवटची मूठ मांगं ओढते. उपाशी नाई ठेवत. पण समजते."

मी मात्र वकीलसाहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, तुम्ही सभागृहात काय विचारणार? त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं: मंत्रिमहोदयांनी दौऱ्याचा भत्ता घेऊन पिपरटोला येथील गरीब स्त्रीची कोंबडी मोबदला न देता खाल्ली, हे खरे आहे काय? मी म्हटलं, उत्तर मी आत्ताच देतो. मोबदला देऊ केला होता. स्थानिक कोतवालाने कोंबडी परस्पर जुलमाने आणली असे आढळले असून त्यास नोकरीवरून काढून टाकण्यात आले आहे. मंत्री सुटले, तुम्हाला टाळ्या मिळाल्या, आणि दसरू गेला.

खरंच दसरूच्या इकडे आड आणि तिकडे विहीर होती. कोंबडी रैजीबाईची नाही म्हटलं, तर तो चोर. तिची होती आणि ओढून नेली म्हटलं, तर तो जुलमी. तिसरं उत्तर एकच होतं, की कोंबडी तिची आणि तिने राजीखुशीने दिली. पण ते बोलून अंगठा उठवायला ती मेली तरी तयार नव्हती. मंत्री प्रामाणिक होते, वकीलसाहेब प्रामाणिक होते, आणि या दोन प्रामाणिक माणसांच्या मधोमध एक कोतवाल चिरडत होता. लबाडांपासून माणसाला कसं वाचवायचं ते मला येत होतं. यांच्यापासून कसं वाचवावं ते मला माहीत नव्हतं.

तहसीलदार आले. व्हरांड्यात टेबल लागलं, गाव खाली मांडी घालून बसलं. रैजीबाई अगदी मागे. तहसीलदारांनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मुर्गी किसकी थी? आखरी बार पूछता हूँ."

रैजीबाई मातीकडे बघत होती. मी दसरूकडे पाहिलं. तो एकेका माणसाकडे बघत होता: तहसीलदार, वकीलसाहेब, मी. आमच्यापैकी कोणाजवळ काही आहे का, असं. आमच्याजवळ काही नव्हतं. मग त्याने मागे वळून म्हातारीकडे पाहिलं. तिने दोन्ही अंगठे मुठीत घट्ट लपवले होते.

दसरू पुढे आला. म्हणाला, "कोंबडी माही होती, साहेब."

गावात कोणाची मान हलली नाही. दसरूच्या घरी कोंबडीच काय, कोंबडीचं पीस नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

तहसीलदारांनी चष्मा काढला. "तेरी थी? तो उस दिन मंत्रीजी के सामने क्यों नहीं बोला?"

"बोललो असतो तं तुमीच म्हणले असते, साहेब, का कोतवालाच्या घरी कोंबडी आली कुठून?"

व्हरांड्यात वकीलसाहेब खोकले. तहसीलदारांनी चष्मा पुन्हा लावला. खरोखर त्यांनी तेच म्हटलं असतं. शिवाय मालक सापडला होता, मंत्र्यांचा हुकूम पुरा होत होता आणि त्यांना दुपारच्या आत परतायचं होतं. दसरूने शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला आणि लिफाफा घेतला. चोरी संपली, जुलूमही संपला. वकीलसाहेबांचा प्रश्न जागच्या जागी मेला, कारण स्वतःची कोंबडी विकून पैसे घेणाऱ्यावर कोण अन्याय करणार?

बिल्ला वाचला. मला इतका आनंद झाला की मी दसरूच्या पाठीवर थाप मारली. हे मी कोणत्याही कोतवालाच्या बाबतीत आधी किंवा नंतर केलेलं नाही.

वकीलसाहेब गाडीत बसत होते. तोंड उतरलेलं. इतक्या लांब येऊन हाती काही लागलं नव्हतं. गाडीवान भाड्याचं विचारत होता आणि ते कोटाचे खिसे चाचपत होते. दसरू मागून धावत गेला आणि तो लिफाफा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?" वकीलसाहेब दचकले. वकील माणूस, लिफाफा दिसला की आधी वास घेणारा. "कशाबद्दल?"

"गाडीचं भाडं होय. तुमाले भत्ता नाई."

"पण हे तू मला काऊन देतो?" एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आमच्याकडचा शब्द निघाला.

"तुमी पुन्हा याले पायजे म्हून." दसरू हातातला झाडू न सोडता बोलत होता. "थो एकटा आला तं आमच्या कोंबड्या मोजते. तुमी एकटे आले तं तुमीही कोंबड्याच मोजता. दोघंही येत जा. मंग तुमी एकमेकाले मोजान, आमी सुटू."

वकीलसाहेबांनी लिफाफा परत केला नाही. मला वाटलं होतं ते करतील. त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, दसरूला वाकून नमस्कार केला, आणि गाडी हलली. तर असा मंत्र्यांच्या भत्त्यातला सव्वा रुपया एका कोंबडीच्या वाटेने विरोधी पक्षनेत्याच्या खिशात गेला. कायदा व्हायला त्यानंतर खूप वर्षं लागली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सगळ्यांना सांगत सुटलो असतो. पण पुढचं आहे.

त्या अधिवेशनात वकीलसाहेबांनी कोंबडीचं नावही काढलं नाही. त्यांनी कोतवालांच्या पगाराचा प्रश्न लावून धरला. मंत्र्यांच्या पगाराला कायदा, आणि कोतवालाच्या पोटाला काय? त्यांनी बाकं दणाणून सोडली असं नागपूरहून आलेले लोक सांगत. आणि कपात सूचना मांडणाऱ्याचं जे सहसा होत नाही ते झालं: सरकारने ऐकलं. गरजू कोतवालांना थोडी वाढ द्यायची ठरलं. गरजू कोण, हे तहसिलींनी कळवायचं. ज्या कोतवालाला दुसरं उत्पन्न आहे त्याचं नाव वगळायचं.

आमच्या तहसीलदारांची स्मरणशक्ती उत्तम होती. दसरूचं नाव आलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ये मुर्गी पालता है. मेरे सामने कबूल किया है, पैसा लिया है, अंगूठा भी है."

मी म्हटलं, "साहेब, ती एकच कोंबडी होती. आणि ती मंत्र्यांनी खाल्ली."

"एक थी तो और भी होंगी," ते म्हणाले. "नाझिरजी, आप बहुत भोले हैं."

मला आयुष्यात भोळा म्हणणारा तो एकच माणूस. मी वाद घातला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. कोंबडी त्याची नव्हतीच हे खरं सांगावं, तर दसरूने चौकशीत खोटं सांगितलं असं ठरलं असतं, आणि बिल्ला गेला असता. तालुक्यातल्या बहुतेक कोतवालांना वाढ मिळाली. दसरूला नाही.

हे त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगावं, म्हणून मी पिपरटोल्याला गेलो. जीव नको झाला होता जाताना. दसरू रैजीबाईच्या अंगणात तिचं कुंपण बांधत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाढ कोणामुळे आली तेही सांगितलं आणि त्याला का नाही तेही. तो बांबूची गाठ मारत होता, ती त्याने पुरी मारली आणि ओढून पाहिली.

बोलली ती रैजीबाई. दळण थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

"पाह्य बाबू, म्या म्हटलं होतं का नाई?" ती म्हणाली. "मोजलीच ना? अन् थेही खाल्लेली."

मग ती उठली आणि अंगणातल्या कोंबड्या एकेक करून डालग्याखाली झाकल्या. मी गावाबाहेर पडेपर्यंत तिने डालगं उचललं नाही.